‘सेल्फ-मेड’ शब्दाचं मूळ

॥ श्री ॥

वैशाखरे,
११ जून २०२५

ती. अनंतादादास,
धाकट्या देवकीचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझा गौरव अंक काल पोस्टाने मिळाला. पोस्टमनने दारात उभं राहून मला काहीतरी ओरडून सांगितलं. ऐकू अर्थातच आलं नाही, पण तो हसत होता, त्यावरून चांगलंच असणार. मुखपृष्ठावरचा तुझा फोटो झकास आहे. केस मात्र इतके काळे आहेत की सारिकाने विचारलं, हे आजोबा की आजोबांचे चिरंजीव? पंचाहत्तरीत एवढी हौस बरी नव्हे. पारूवहिनी काही बोलत नाही का?

किशोर म्हणतो, आई, पत्रं कसली लिहितेस, मोबाईलवर टाक. पण त्या मोबाईलमध्ये घरातले सगळेच डोकावतात. बहीण-भावाचं सगळंच सगळ्यांनी कशाला वाचायचं? तू कल्याणला होस्टेलात होतास तेव्हापासूनची आपली सवय, ती कान गेल्यावर कामाला आली.

अंक मी भिंग लावून रोज दोन-तीन पानं वाचते. पहिला लेख तुझ्या त्या दीपेश नावाच्या विद्यार्थ्याचा. तो इंग्रजीत असल्यामुळे सारिकाने वाचून मला पाटीवर लिहून दाखवला. त्याने तुला ‘सेल्फ-मेड’ म्हटलंय, एकदा नाही, सहा वेळा. सारिकाने अर्थ लिहिला, ‘स्वतःच स्वतःला घडवलेला’. मी म्हटलं, असं कसं होईल? मडकंसुद्धा आपलं आपण होत नाही. ती म्हणाली, आजी, तू आजोबांनाच विचार, त्यांनी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. तर विचारते. हा शब्द काय आहे, कुठून आला, कोणी कोणासाठी काढला, सगळं नीट लिही. तू लहानपणी मला शब्दांची मूळं सांगायचास, ते मला फार आवडायचं.

आता मुख्य गोष्ट. सारिकाला दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले, हे तुला कळलंच असेल. तिला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जायचंय आणि तुमच्या शहापूरजवळच्या आसनगावच्या कॉलेजात नंबर लागेल असं शाळेतले सर म्हणतात. इथून मुरबाड आणि मुरबाडहून शहापूर, दोन एसट्या बदलून रोजचं जाणं-येणं शक्य नाही. पावसाळ्यात तर मुळीच नाही. मुलींचं होस्टेल तिथे नाही आणि परक्या गावात खोली घेऊन किशोर तिला ठेवणार नाही. तो सरळ म्हणतो, मग मुरबाडला आर्ट्स कर, नाहीतर घरी बस. तुमच्या माडीवरची खोली रिकामी आहे. तीन वर्षांचा प्रश्न आहे. पोरगी कामसू आहे, वहिनीला हाताखाली होईल. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागते आहे.

पारूवहिनीस नमस्कार. लोभ आहेच, तो या पोरीपर्यंत पोचावा एवढं मागणं.

तुझी,
देवकी

---

॥ श्री ॥

शहापूर,
१७ जून २०२५

चि. देवकीस,
अनंताचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. केसांचा दोष फोटोग्राफरचा, माझा नाही. सारिकाचं अभिनंदन कर.

शब्दाचं विचारलंस म्हणून उत्साहाने लिहायला बसलो. इंग्रजीत दोन शब्दांमध्ये छोटी आडवी रेघ देऊन त्यांचं एक विशेषण करतात. ‘सेल्फ’ म्हणजे स्वतः, ‘मेड’ म्हणजे घडवलेला. शब्द चारशे वर्षं जुना आहे. आधी तो कुठल्याही वस्तूला लागायचा, आपणच केलेली, एवढ्याच अर्थाने. माणसाला लागला तो बऱ्याच उशिरा, अमेरिकेत. ज्याला बापजाद्यांची इस्टेट नाही, वशिला नाही, आणि तरी जो केवळ कष्टांवर वर आला, तो सेल्फ-मेड. आपल्याकडे ‘स्वयंभू’ आहे, पण तो पिंडीला शोभतो. ‘स्वकर्तृत्ववान’ म्हणावं तर उच्चारतानाच दम लागतो. दीपेशने योग्य शब्द निवडला, असं मी त्याचा गुरू म्हणून सांगतो. मी स्वतःला कधी तसं म्हणवून घेतलं नव्हतं, पण दुसऱ्याने म्हटलं तर नाकारावं असंही काही नाही. अनवाणी शाळेत गेलो, हे तूही पाहिलंस.

आता सारिकाबद्दल. तुझा शब्द मोडणं जिवावर येतं, पण तुझ्या वहिनीचे गुडघे पार गेलेत. घरात आणखी एक माणूस तिला झेपणार नाही. माडीवरच्या खोलीत माझी पुस्तकं आहेत. पण याहून महत्त्वाचं म्हणजे तत्त्वाचं. आयतं मिळालं की मुलं ढिली पडतात, हे मी चाळीस वर्षं वर्गात पाहिलं. तिला स्वतःच्या पायांवर उभं राहू दे. मुरबाडला शिकूनही पुष्कळ मोठे झालेत. मला कोणी हात दिला होता? आणि बिघडलं का काही?

सोबत तिच्यासाठी माझी जुनी इंग्रजी डिक्शनरी पाठवतो आहे. कव्हर घालून वापरायला सांग.

सत्काराचा समारंभ २० जुलैला, रविवारी आहे. तू यायचंच. पुढच्या रांगेत तुझी खुर्ची राखली आहे.

प्रकृतीस जप, आणि माझं म्हणणं मनाला लावून घेऊ नये.

तुझा,
अनंता

---

वैशाखरे,
२४ जून २०२५

ती. दादास,
देवकीचा नमस्कार.

डिक्शनरी पोचली. पोरीने खोली मागितली, शब्दकोश आला. चला, रिकाम्या हाताने कोणी गेलं नाही. तिने त्याला कव्हर घातलं आणि कोनाड्यात ठेवून दिला. मलाच तोंड लपवावंसं वाटलं.

तू विचारतोस, तुला कोणी हात दिला होता. दादा, हे विचारताना लेखणी अडखळली नाही का रे? आपली साटंलोट्याची लग्नं झाली. एकाच मांडवात मंगळूमामांची पारू आपल्या घरात आली आणि मी त्यांच्या मुलाची, धर्माची, बायको होऊन त्यांच्या घरात गेले. मामांनी जावयाला कल्याणला ठेवलं, बी.ए. केलं, बी.एड. केलं. मामांच्या गिरणीतल्या तांदळाचं एक पोतं दर महिन्याला तुझ्या मेसमध्ये जायचं, ते मी स्वतः शिवून द्यायची. अंकात मी मामांचं नाव शोधलं. एका ओळीत ‘सासरच्या मंडळींचा स्नेह’ असं सापडलं. माझं नाव फोटोखाली आहे, ‘डावीकडून तिसऱ्या’. हे मी गिळलं असतं. आजवर पुष्कळ गिळलंय, त्याने पोट दुखत नाही आता.

पण काल मी एक्केचाळिसाव्या पानावर पोचले.

तिथे तुझ्या हातचा लेख आहे, तू शिक्षक व्हायचं का ठरवलंस त्याबद्दल. तू लिहिलंयस, मॅट्रिकच्या निकालाआधीचा चैत्र होता. धसईच्या बाजारात भाताच्या पोत्यांपाशी हिरव्या पट्ट्यांचा सदरा घातलेला एक तरुण फेफरं येऊन कोसळला. तोंडाला फेस आला. डाव्या भुवईवर खोक पडून रक्ताने डोळा भरला. लोक त्याच्या नाकाला चप्पल लावत होते, आणि ते अज्ञान पाहून तू मनाशी ठरवलंस की आयुष्यभर ज्ञानाचा दिवा लावायचा. फार सुंदर लिहिलंयस. डोळ्यांपुढे उभं राहतं.

आपली लग्नं त्याच वर्षी वैशाखात झाली. हळदीच्या दिवशी त्यांच्या डाव्या भुवईवरची खोक अजून ओली होती. मला सांगितलं, बैलाचं शिंग लागलं. हिरव्या पट्ट्यांचा तो सदरा मी पुढे सहा वर्षं धुतला, मग त्याची किशोरची दुपटी केली.

पारूवहिनीला ठाऊक होतं, हे मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं. सख्ख्या भावाचं दुखणं बहिणीला ठाऊक नसेल का? तिने झाकलं, ती त्यांच्या घरची होती. मी तिच्यावर राग धरला नाही. पण तू माझ्या घरचा होतास. चौपन्न वर्षं मी असं समजत आले की आपण दोघंही फसलो. तू भाऊबीजेला यायचास, त्यांना फिट आली की मान फिरवून बसायचास. मला वाटायचं, बहिणीचे हाल दादाला बघवत नाहीत.

एकच विचारते. तो मुलगा कोण, हे तुला त्या दिवशी बाजारात कळलं होतं का? होय किंवा नाही, एवढंच लिही.

आणि त्या शब्दाचं तू अर्धंच सांगितलंस. अमेरिकेत कोणी म्हटलं, कोणाला म्हटलं? ज्यांना म्हटलं त्यांच्या घरात पाणी कोण भरत होतं, तेही शोध.

देवकी

---

शहापूर,
३० जून २०२५

चि. देवकीस आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून जेवण गोड लागत नाही. चार दिवस लिहीन लिहीन म्हणत टाळलं. आधी सोपं उत्तर देतो.

शब्द गाजला तो १८३२ साली. अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहात एका बड्या पुढाऱ्याने भाषण केलं. तो म्हणाला, आमच्या केंटकी राज्यातले जवळजवळ सगळे कारखाने उद्योगी, सेल्फ-मेड माणसांच्या हाती आहेत, आणि त्यांनी जे मिळवलं ते चिकाटीने श्रम करून मिळवलं. इतकं मला माहीत होतं. वर्गात मी कित्येकदा सांगितलं आहे. तू विचारलंस म्हणून दीपेशला फोन करून पुढचं शोधायला लावलं. केंटकीचा मोठा धंदा म्हणजे अंबाडीसारख्या एका झाडाच्या वाखाचे दोर आणि गोणपाट. त्या राज्यात गुलामगिरी कायद्याने चालू होती आणि ते वाखाचे कारखाने बहुतांशी गुलामांच्या हातांवर चालत. कमी पडले तर शेजारच्या मालकाचे भाड्याने आणत. भाषण करणाऱ्याकडेही गुलाम होते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. इतकी वर्षं शिकवताना मला हा प्रश्न पडला नव्हता, हे कबूल करतो.

आता दुसरं. होय, बाजारात कोणीतरी म्हणालं होतं की हा गिरणवाल्या मंगळूचा पोर. पण खात्री नव्हती. बाजारातल्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो? विचारायला जाणार तरी कोणाकडे? बाबांनी शब्द दिला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी वीस वर्षांचं पोर. मी बोललो असतो तर दोन्ही लग्नं मोडली असती, आपल्या घराची नाचक्की झाली असती, आणि तुला पुढे कोणी विचारलं असतं का? मी गप्प राहिलो त्यात तुझंही हित होतं, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटलं. फेफरं हा काही महारोग नव्हे. पुढे मीच त्यांना ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, हे तरी विसरू नकोस. लेख लिहिताना तो प्रसंग मला केवळ प्रसंग म्हणून आठवला. तू वाचशील, तुला लागेल, हे ध्यानातच आलं नाही. त्याबद्दल क्षमा माग म्हणशील तर मागतो.

पण जुनं उकरून कोणाचं भलं होणार? किशोरला यातलं काही सांगू नकोस. त्याचा स्वभाव तापट आहे, समारंभ तोंडावर आहे, पाचशे प्रती छापून झाल्यात.

सारिकाचं मी पारूकडे पुन्हा काढून पाहिलं. ती स्पष्ट नाही म्हणाली. माझा इलाज नाही.

वीस तारखेला ये. तू नाही आलीस तर लोक विचारतील.

राग ओसरावा आणि पूर्वीसारखं पत्र यावं, या अपेक्षेत,

तुझा,
अनंता

---

वैशाखरे,
४ जुलै २०२५

दादास,

उत्तर मिळालं. होय म्हणायला तुला दीड पान लागलं.

त्या दोरांच्या कारखान्याचं सारिकाने मला दोनदा पाटीवर लिहून दाखवलं. भाषण करणाऱ्याला ते राबणारे हात दिसत नसतील असं नाही. रोज दिसत असतील, जेवायला वाढणारेही तेच असतील. फक्त माणसं म्हणून हिशेबात धरले नसतील. मला वाटायचं तुझ्या दीपेशने शब्द चुकीचा लावला. नाही, बरोब्बर लावला, पोरगं हुशार आहे.

तू लिहितोस, फेफरं म्हणजे महारोग नव्हे. नसेल. ठाण्याच्या गोळ्या त्यांनी वर्षभर खाल्ल्या, मग पावसात रस्ता बंद झाला आणि त्या थांबल्या त्या थांबल्याच. एकोणनव्वद साली आषाढात भाताची लावणी चालू होती. मी वरच्या खाचरात, ते खालच्या. रोपांच्या मुठी न्यायला खाली उतरले तर ते पालथे पडलेले. खाचरात टाचभर पाणी होतं, दादा. टाचभर. किशोर अकरा वर्षांचा होता, तो वरून ओरडत होता आणि तेव्हा मला ऐकू येत होतं. माणूस वाईट नव्हता. पण गावात कोणाला ठाऊक असतं, तर त्यांना कोणी पाण्यात एकटं सोडलं नसतं. लपवायचं, लपवायचं करता सगळ्यांनाच सवय झाली होती. लग्न मोडलं असतं तर मला कोणी विचारलं नसतं म्हणतोस. मला तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं. आई फक्त म्हणाली होती, गो, मोठं घर हाय, दादाचं पन भलं होल, गप जा. मी गप गेले.

तुझी क्षमा नको. क्षमा मागतो म्हणशील तर मागतो, असं कुठे असतं का?

सारिकाचा नंबर लागला. १४ जुलैला, सोमवारी, कागद घेऊन हजर व्हायचंय. नाहीतर जागा जाते. मी पाया पडणार नाही. पण पारूवहिनी नाही म्हणाली असं तू लिहिलंस, ते तिच्या हातचं येऊ दे. ती पाचवी शिकली आहे, दोन ओळी लिहील. मग मी पोरीला सांगून टाकीन आणि हा विषय संपेल.

समारंभाला मी येणार नाही. लोक विचारतील तेव्हा सांग, बहिणीला ऐकू येत नाही.

देवकी

---

॥ श्री ॥

शहापूर,
८ जुलै २०२५

देवकीवहिनीस पारूचा नमस्कार.

तू माझी वहिनी आणि मी तुझी वहिनी. साटंलोट्यात हाक मारायलासुद्धा वेगळा शब्द उरत नाही. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, चुका पोटात घाल.

काल पोस्टमन आला तेव्हा हे हॉल बघायला गेले होते. पाकीट मी फोडलं. आजवर ह्यांचं पाकीट कधी फोडलं नव्हतं, पण वर तुझं अक्षर होतं आणि महिनाभर तुझी पत्रं आली की हे ती टेबलाच्या खणात टाकून चावी लावत होते. मग चावी शोधली आणि सगळी वाचली, ह्यांनी तुला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे कागदही.

पोरीचं मला कोणी विचारलं नाही. एकदा नाही, दोनदा नाही. माझे गुडघे दुखतात हे खरं, पण मी काही तिला खांद्यावर घेऊन माडी चढणार नव्हते. ती माझ्या भावाची नात आहे. ती येणार म्हटल्यावर मी नाही म्हणेन असं तुला कसं वाटलं? पण वाटलं असेल, मी तरी कधी तुझ्यासाठी तोंड उघडलं?

आता सांगते ते वाचून पुन्हा माझं नाव घेऊ नयेसं वाटेल. तरी सांगते, कारण ह्यांनी तुला लिहिलंय की विचारायला जाणार कोणाकडे. हे आले होते. बाजारात धर्मादादा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, सायकलवर. मी माजघरात भात पाखडत होते. ह्यांनी माझ्या बापाला विचारलं की काल बाजारात पडला तो तुमचा धर्मा ना. बाप नाही म्हणाला नाही. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार आणि लग्न मोडणार. मग ह्यांनी विचारलं की मला पुढे शिकायचंय, त्याचं काय? बाप म्हणाला, “तुजं कॉलेज माज्याकडं लागलं. तू फक्त तुज्या बहिनीला काय बोलू नको.” आधी शिक्षणाचं बोलणंच नव्हतं, वहिनी. फक्त मुलगी देऊन मुलगी घ्यायची होती. कॉलेज त्या दुपारी ठरलं.

मी सूप हातात धरून उभी होते. मला तेव्हा आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते. मॅट्रिकला बसलेला, पुढे साहेब होणारा नवरा मिळणार म्हणून. तुझा विचार मनात आला आणि मी तो झटकला. मी अठरा वर्षांची होते म्हणून सोडून देशील तर दे, नाहीतर राहू दे.

धर्मादादा गेला तेव्हा मी आले होते. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, आपल्या दोघींचं नशीब फुटकं. तेव्हा सांगणार होते. ह्यांनी पाठीमागून माझा दंड धरला.

हे घर माझ्या बापाने मला बांधून दिलेलं आहे, सात-बारावर नाव माझं आहे. काल मी ह्यांना सांगितलं की माडीवरची पुस्तकं खाली आणा. हे म्हणाले, समारंभ होऊ दे मग बघू. मी शेजारच्या मीनाच्या मुलाला बोलावलं आणि पुस्तकं पडवीत काढून ठेवली. खोली झाडून घेतली आहे. पोरीला पाठव. अंथरूण देऊ नकोस, इथे आहे.

तुझ्या मनात माझ्यासाठी काही उरलं असेल तर ठेव, नसेल तर मागायचं तोंड मला नाही.

पारू

---

वैशाखरे,
१४ जुलै २०२५

सौ. पारूवहिनीस,
देवकीचा नमस्कार.

हे पत्र सारिकाच्याच हातात देते आहे. किशोर तिला सकाळच्या एसटीने घेऊन येतो आहे. आधी कॉलेजात कागद देतील, मग घरी येतील. तिला वांग्याची भाजी चालत नाही, पण तिचे लाड करू नका, खाईल.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. वाचून मी काय केलं ते लिहीत नाही. दोन दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही. मी बहिरी असल्यामुळे कोणाला वेगळं वाटलं नाही. तुमचं पत्र येईतोवर मला वाटत होतं की दादा भ्याला. वीस वर्षांचं पोर भितं, त्यात काय, असं म्हणून एखाद दिवशी मी स्वतःची समजूत घातली असती. आता तेवढीही सोय राहिली नाही. तो सौदा करून आला होता, आणि संध्याकाळी घरी येऊन त्याने मला सायकलवर पुढे बसवून नदीपर्यंत फिरवून आणलं होतं. मला तो दिवस आठवतो. एवढा लाड त्याने आधी कधी केला नव्हता, म्हणून आठवतो.

तुम्ही खरं सांगितलंत. उशिरा सांगितलंत, पण सांगितलंत. तुमचं माझं काय ते पुढे बघू, एवढंच आज लिहिता येतं.

पोरीला पाठवायची नव्हती. माझा जीव म्हणत होता, त्या उंबऱ्यात पुन्हा आपल्या घरची मुलगी नको. मग मीच मला विचारलं की माझ्या रागासाठी हिचं शिक्षण का बुडवायचं. एकदा दुसऱ्याच्या शिक्षणासाठी एक पोर या घरात दिली गेली, ती मी. आता ही जाते, ती स्वतःच्या शिक्षणासाठी जाते. पणज्याच्या घरात राहणार आहे, तेव्हा उपकार कोणाचेच नाहीत.

तिला मी सगळं सांगितलंय, काही गाळलं नाही. किशोरलाही सांगितलं. तो दादाशी भांडणार नाही, मी त्याच्याकडून वचन घेतलंय. पण तो तुमच्या घरात पाणी पिणार नाही, त्याचा आग्रह करू नका. सारिका दादाच्या पाया पडेल, कारण ते वडीलधारे आहेत. त्याहून जास्त तिच्याकडून कोणी मागू नये.

दादाला मी वेगळं लिहीत नाही. तो विचारेल असं वाटत नाही. विचारलंच तर सांगा, देवकी पत्र लिहायची थांबली.

वहिनी, मी जन्मभर पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असं लिहीत आले. तुमच्या सगळ्यांचा लोभ आता त्या पोरीवर असू द्या. माझ्यावर होता, तो मला पुरला.

देवकी